बारा मिनिटांची बॅटरी

मी लॅपटॉप बोलतोय. सेकंडहँड. बसा ना, पण त्या वायरीवर पाय देऊ नका, हात जोडतो. वायर जरा हलली तरी माझा जीव खालीवर होतो. का होतो, ते या घरात माझ्याशिवाय कुणालाच ठाऊक नाही, आणि तेच आता मला सोसवत नाही.

जन्माबद्दल सांगण्यासारखं काही नाही. कारखान्यात हजारो भावंडांबरोबर एका पट्ट्यावरून सरकत आलो आणि खोक्यात गेलो. पहिली चार वर्षं विमा कंपनीतल्या एका साहेबांकडे काढली. मला बंद करणं त्यांना माहीतच नव्हतं. चोवीस तास वायर लावलेली, की-बोर्डावर बिस्किटांचा चुरा, आणि राग आला की एंटरवर बुक्की. तापून तापून माझी बॅटरी आतून पार खलास झाली. मग साहेबांना नवा लॅपटॉप मिळाला आणि माझी रवानगी जुन्या लॅपटॉपच्या दुकानात.

दुकानदार महागोडबोल्या. त्यानं मला पुसलं, वर चकचकीत स्टिकर लावला आणि कुणा दुसऱ्याचाच चार्जर माझ्या गळ्यात बांधला. एका मंगळवारी एक बाई आल्या. चार बटणं दाबून झाल्यावर त्यांनी नेमकं विचारलं, "बॅटरी किती चालते हो?"

"ताई, तीन तास कुठे जात नाही! नाही पटला तर आठ दिवसांत परत आणा."

तीन तास! मला इतकं मेल्याहून मेल्यासारखं झालं म्हणून सांगू. वायर काढली की मी बारा मिनिटं टिकतो. मोजून बारा. पण त्यानं वायर काढलीच नाही, आणि बाईंना घाई होती.

घाई कसली, तर परीक्षेची. आठ वर्षांपूर्वी मुलगी झाली तेव्हा बाईंनी टायपिस्टची नोकरी सोडली होती. आता एक कंपनी घरबसल्या काम देणार होती. डॉक्टर जे बोलून ठेवतात ते ऐकून टाइप करायचं. त्यासाठी शुक्रवारी अकरा ते बारा परीक्षा. कॅमेरा समोर. खुर्चीतून उठायचं नाही, तोंडातून शब्द काढायचा नाही. उठलं किंवा बोललं की बाद.

मागच्या खोलीतल्या टेबलावर माझा संसार मांडला गेला. माउस नवा कोरा, त्यामुळे भलताच शिष्ट. माझा पंखा घरघरला की म्हणायचा, "आजोबा, दम लागला का?" हेडफोन मुलीचा, जांभळा, एका कानाला चिकटपट्टी. बाई रोज दुपारी सरावाला बसायच्या. सुरुवातीला बोटं अडखळायची आणि त्या स्वतःवरच चिडायच्या, "अगं, काय हे! एवढं कसं विसरलीस?" तिसऱ्या दिवशी मात्र बोटं अशी पळायला लागली की मला धाप लागली. इतका आनंद मला साहेबांच्या चार वर्षांत झाला नव्हता.

या घरात बाईंचे सासरे आहेत. मी त्यांना आण्णा म्हणतो, मनातल्या मनात. पस्तीस वर्षं लोकांच्या जिन्याखाली वाकून त्यांनी विजेचे मीटर तपासले. रिकाम्या खोलीत दिवा दिसला की त्यांचा जीव कासावीस होतो. रोज सकाळी आठला त्यांची एक फेरी, जेवणाआधी दुसरी. दिसेल ते बटण खटाखट बंद. आणि आमच्या खोलीच्या प्लगचं बटण खोलीत नाही, बाहेर बोळात आहे. त्यांनीच हौसेनं बसवलेलं.

शुक्रवारी परीक्षा सुरू झाली. अकरा पस्तीसला बोळात चपला वाजल्या. दार लोटलेलं, आत कुणाच्या बोलण्याचा आवाज नाही. आण्णांना वाटलं खोली रिकामी.

खट.

वायरीतली वीज गेली. बाई हेडफोन लावून टाइप करतायत, डोळे ओळीवर. बारा मिनिटं माझ्याकडे, पंचवीस त्यांना हवीत. मी पडदा मंद केला. त्यांनी डोळे चोळले आणि पुढे सुरू. मी पंखा थांबवला. शेवटी कोपऱ्यात लाल खूण उमटली तेव्हा त्यांनी प्लगकडे पाहिलं. तिथला दिवा विझलेला.

बटण दारापासून चार पावलांवर, पण उठता येत नव्हतं. आण्णा समोरच्या खोलीत पेपर वाचत होते, पण हाक मारता येत नव्हती. बाईंनी ओठ आवळले आणि दुप्पट वेगानं टाइप करायला लागल्या. मी ओढून ओढून किती ओढणार! अकरा सत्तेचाळीसला विझलो.

विझल्यावरही बाई उठल्या नाहीत. बारा वाजेपर्यंत तशाच ताठ बसून राहिल्या, हात की-बोर्डावर. हे मला नंतर माउसनं सांगितलं. तेव्हापासून तो मला आजोबा म्हणत नाही.

बाईंचा नवरा शाळेची व्हॅन चालवतो. दुपारी तो आला आणि भडकला. "मी म्हणत होतो ना, जुनं घेऊ नकोस! आजच्या आज परत करतो." त्यानं खोकंसुद्धा काढलं.

तेवढ्यात आण्णा दारात येऊन उभे राहिले. "त्याला कशाला परत करतोस? बटण मी बंद केलं."

"कधी, बाबा?" बाईंनी विचारलं.

आण्णा गोंधळले. दोन फेऱ्या त्यांच्या डोक्यात एक झाल्या. "सकाळीच. आठच्या फेरीला."

नवऱ्यानं बोटं मोजली. "म्हणजे पावणेचार तास नुसत्या बॅटरीवर चालला? मग तर फर्स्टक्लास आहे की!"

अहो, नाही! बारा मिनिटं! पण मला कोण विचारतंय?

आण्णा खुर्ची ओढून बसले. "सूनबाई, घे लिहून. मी, खाली सही करणारा, निवृत्त मीटर तपासनीस, असं कबूल करतो की माझ्या सुनेची परीक्षा चालू असताना वीज मी तोडली. दोष सर्वस्वी माझा. शिक्षा तिला नको." जन्मभर दुसऱ्यांच्या दारावर नोटिसा लावलेला माणूस. बाईंची बोटं एकदाही अडखळली नाहीत, पण डोळे पुसायला त्या दोनदा थांबल्या.

कंपनीनं दया दाखवली. सोमवारी पुन्हा परीक्षा. तासभर आण्णा बोळात स्टूल टाकून बटणाखाली बसले, कुणाला फिरकू दिलं नाही. बाई पास झाल्या. काम सुरू होऊन तीन आठवडे झाले. संध्याकाळी मुलीला मांडीवर घेऊन त्या म्हणतात, "आई कामावर आहे हं, पाच मिनिटं," आणि तोऱ्यात म्हणतात. ते ऐकायला मला फार आवडतं.

पण आण्णांनी बटणाला हात लावणंच सोडलंय. एकही नाही. न्हाणीघराचा दिवा दिवसभर जळतो, रिकाम्या खोलीत पंखा फिरतो. ते दोन्ही हात पाठीमागे धरून घरातून जातात, बटणापाशी थबकतात आणि पुढे होतात. परवा नातीनं विचारलं, "आजोबा, दिवा घालवू?" तर म्हणाले, "तू घालव बाळा. माझ्या हाताचा भरवसा नाही."

मला चैन पडत नाही हो. धड बॅटरीचा लॅपटॉप असता, तर ती पंचवीस मिनिटं हसत हसत निघाली असती. खोटं दुकानदार बोलला, कमी मी पडलो, आणि मान खाली घातली त्या म्हाताऱ्यानं. आज ना उद्या वीज जाईल. बारा मिनिटांत मी विझेन, आणि सगळ्यांच्या आधी ते स्वतःच म्हणतील, मीच काहीतरी केलं असणार.

तुम्हाला तोंड आहे. आत जा आणि आण्णांना सांगा, माझी बॅटरी पहिल्यापासूनच मेलेली आहे. मला परत पाठवलं तरी चालेल. आधी त्यांना सांगा.