वहीतलं उत्तर

“हे अक्षर तुमचंच ना, मावशी?” इस्पितळाच्या प्रशासकांनी वही टेबलावरून त्यांच्याकडे फिरवली.

मावशी वाकून बघण्याच्या फंदात पडल्या नाहीत. “माझंच.”

“बघा! लाज आहे का काही?” चष्मेवाले धर्मगुरू खुर्चीत सरसावून बसले. एका बाजूला थोरले, दुसऱ्या बाजूला धाकटे. इस्पितळाच्या प्रार्थनाखोलीवर देखरेख करायला तीन धर्मांचे हे तिघे नेमले होते. खोलीतल्या खुर्च्यांची तोंडं कुठे असावीत यावर दोन वर्षं त्यांचं एकमत झालं नव्हतं. आज मावशींच्या बाबतीत पाच मिनिटांत झालं होतं.

मावशींचं काम साधं. एक्स-रे विभागाला लागून असलेली ती खोली उघडायची, पुसायची, वहीजवळचं पेन चालतंय का बघायचं. खोलीत मूर्ती नाही, चित्र नाही, दिवा नाही. फक्त वही. ज्याला जे मागायचं ते त्यानं तीत लिहावं. मावशी अकरा वर्षं त्या वह्या वाचत आल्या होत्या. पहिल्या दिवशी माणसं देवाला पदव्या लावून लिहीत: परमपिता, सर्वशक्तिमान, जगाचा स्वामी. अक्षरही वळणदार. पेशंट अतिदक्षता विभागात गेला की पदव्या गळत. मग माणूस कुठल्याही धर्माचा असो, ओळ ‘आई’पासून सुरू होई. बायकांपेक्षा पुरुषांचीच जास्त. आणि ही आई जन्मदाती नव्हे, हे मजकुरावरून कळे. जन्मदातीकडे कोणी थांबलेला श्वास परत मागत नाही.

गेल्या वर्षापासून मावशी त्याखाली उत्तर लिहू लागल्या होत्या. बारीक अक्षरात, एकच ओळ. कुणी लिहिलं की बाबा वर एकटे आहेत, तर त्या जेवणाच्या सुट्टीत वर जात, बाबांच्या पायांवर पांघरूण घालत आणि मग लिहीत, ‘जाऊन आले.’ आधी करायचं, मग लिहायचं. बरं होईल, असं मात्र त्यांनी एकदाही लिहिलं नव्हतं. खाली सही: आई.

“देवाच्या नावानं खोटी सही, हा एक गुन्हा,” थोरले कडाडले. “आणि वर देवाला बाईमाणूस करून टाकलं!”

“मी नाही केलं. लोकांनी हाक मारली. मी ओ दिली.”

“ओ देणारी तू कोण लागून गेलीस?”

धाकटे खाकरले. “तसं आमच्या जुन्या ग्रंथांत देवाला माता म्हटलेलं आहे...”

“उपमा म्हणून!” चष्मेवाले त्यांच्या अंगावर आले. “उपमेनं खोली झाडायची नसते.”

“तुमच्यात असेल,” थोरले धाकट्यांना म्हणाले. “आमच्यात असले थेर नाहीत.”

प्रशासकांनी बाहेर बसलेल्या तक्रारदाराला आत बोलावलं. तो क्रेन चालवायचा. त्याची नऊ वर्षांची मुलगी सोमवारी वरच्या मजल्यावर वारली. तो थोरल्यांच्या प्रार्थनासभेतला, पहिल्या रांगेत बसणारा. शनिवारी त्याच्या घरी मुलीसाठी प्रार्थना थोरलेच सांगणार होते.

“माझ्या पोरीच्या मरणाची थट्टा केली हिनं,” तो उभ्यानंच म्हणाला. “हिला हाकला.”

प्रशासकांनी पान मोठ्यानं वाचलं. “‘आई, मी औषधं आणायला चाललोय. तिच्याजवळ बस. तिला एकटं ठेवू नकोस.’ आणि खाली उत्तर, ‘बसले होते. आई.’”

पूर्ण पान वाचलं जाईल, हे त्याच्या लक्षात आलं नव्हतं. थोरल्यांनी मान हळूच त्याच्याकडे वळवली.

“वरची ओळ कुणाची रे?”

तो वहीकडे बघेना.

“देवाला अशी हाक मारायला मी शिकवलं तुला? अशा घरात मी शनिवारी पाऊल ठेवू?”

“माझी नाही,” तो म्हणाला. “मी असलं लिहीत नाही.”

“सोपं आहे,” प्रशासक म्हणाले. “दाखल करतानाचा फॉर्म यांनीच भरलाय. अक्षर ताडून बघू.” त्यांनी फाइलची दोरी सोडायला घेतली.

मावशींनी क्रेनवाल्याकडे पाहिलं. तो फाइलकडे बघत होता. रागानं आत आलेला माणूस शाळकरी पोरासारखा दिसत होता.

“दोन्ही ओळी माझ्या,” मावशी म्हणाल्या.

“अक्षर वेगळं दिसतंय.”

“वरची डाव्या हातानं लिहिली.”

“म्हणजे हाकही तुम्हीच मारलीत आणि ओही तुम्हीच दिलीत?”

“हो.”

“नाटकी बाई,” चष्मेवाले पुटपुटले.

“किल्ली ठेवा,” प्रशासक म्हणाले. “उद्यापासून यायचं नाही.”

मावशींनी किल्ली टेबलावर ठेवली आणि त्या बाहेर पडल्या. एक्स-रेच्या रांगेपाशी क्रेनवाल्यानं त्यांना गाठलं.

“माझ्यावर उपकार केलेस असं समजू नकोस.”

“नाही समजत.”

“उगाच आई बनून बसलीस. कुणी सांगितलं होतं?”

मावशी पुढे जायला वळल्या. तो वाट अडवून उभाच राहिला.

“खरंच बसली होतीस?”

“सव्वाचारपासून तुम्ही येईपर्यंत. तुम्ही जिन्यात दिसलात, तेव्हा उठले.”

“ती काही बोलली?”

“पाणी मागितलं. सिस्टरना विचारून चमच्यानं पाजलं. दोन चमचे.”

“दोनच?” तो एवढ्यानं ओरडला की रांगेतली माणसं वळून बघू लागली. “दोनच का?”

“दोनच प्यायली.”

“कुठल्या चमच्यानं?”

“तिच्या डब्यात होता. निळ्या मुठीचा.”

क्रेनवाला बाजूला झाला. मावशी चार पावलं पुढे गेल्या असतील.

“मी तो परवा धुऊन टाकला,” तो मागून म्हणाला. आवाज अजून भांडणाचाच होता.