दिलमानचं भाषण

आमच्या कापसाच्या जिनिंगच्या फाटकावर नेपाळचा एक गुरखा होता. सगळं नंदुरबार त्याला बहादूर म्हणे. त्याचं खरं नाव दिलमान, पण ते विचारायचे कष्ट कोणी घेतले नव्हते. माझे यजमान तिथे मुकादम, आमची खोली फाटकाला लागून, म्हणून मला ठाऊक.

बासष्टच्या दसऱ्याला त्याचा चुलतभाऊ सुरतेहून येऊन सांगून गेला, की दिल्लीचं आणि त्यांच्या राजाचं बिनसलंय. आपल्याच सरकारने म्हणे मालाच्या गाड्या सरहद्दीवर अडवल्यात. डोंगरातल्या गावांत मीठ नाही, घासलेट नाही. इकडे दिलमानच्या बायकोचे दिवस भरत आलेले. तेव्हापासून त्याचा पाय एका जागी ठरेना. दिवसभर फाटकापासून वजनकाट्यापर्यंत येरझारा. त्याच्या काठीच्या टकटकीने माझंही डोकं उठायचं.

"भाभी, सेठले सांगा ना. माले घर जानं शे," तो म्हणाला. अहिराणी तो आमच्यातच राहून शिकला होता.

मी यजमानांच्या मागे लागले, ते जिनिंगच्या मालकाच्या, रतिलाल शेठच्या. शेठ म्हणाले, "कपाशीना सीझन शे. आते रजा भेटाव नही. गया ते परत येवू नको म्हना." नोकरी सोडून गेला तर बाळंतिणीला खायला काय घालणार होता तो? माझा असा तिळपापड झाला, पण शेठपुढे आमचं काय चालणार.

दिवाळीच्या तोंडावर चीनने हल्ला केला. नाक्यावरची पोरं दिलमानच्या डोळ्यांकडे बोट दाखवून त्याला चिनी म्हणू लागली. शेठच्या डोक्यात मात्र भलतंच आलं. बाजारातल्या चीनविरोधी सभेत गुरख्याला उभा करायचा. नेपाळ आमच्या पाठीशी आहे एवढं तो बोलला, की शेठची मान उंच.

"नीट बोलना ते रजा देसू," त्यांनी कबूल केलं.

सभेला मीही गेले. बायका लढाईच्या फंडाला अंगावरचं सोनं काढून देत होत्या. दिलमान खाकी कोट चढवून मंचावर उभा राहिला, शिकवलेलं वाक्य न अडखळता बोलला. टाळ्या पडल्या. आता उतरेल म्हटलं, तर उतरेना. पोटातलं ओठावर आलंच.

"मन्हा गावमा मीठ नही," तो म्हणाला. "बाया-पोरे अळणी खाई ऱ्हायनात. मीठन्या गाड्या सरहद्दवर अडाई ठेवेल शेतस."

 मग मागून कोणीतरी ओरडलं, "चीन मुर्दाबाद." आणि पाठोपाठ अख्खा बाजार ओरडू लागला.

"नही, नही," दिलमान हात हलवत होता. "चीन नही. गाड्या ते..."

शेठ लगबगीने उठले. त्याच्या गळ्यात हार घालून माइकवर म्हणाले, "बहादूर, तुले रजा दिधी. सकायमाच निंघ."

दिलमानचं तोंड उघडंच राहिलं. त्याने शेठकडे पाहिलं, लोकांकडे पाहिलं.  बोलून टाक एकदाचं, असं मला वाटत होतं, आणि नको रे बाबा, असंही. त्याने तोंड मिटलं. टाचा जुळवून शेठला सलाम ठोकला आणि सगळ्यांहून मोठ्या आवाजात म्हणाला, "चीन मुर्दाबाद."

"मर्द गडी शे," शेजारच्या धनुबाई टाळ्या वाजवत म्हणाल्या. मला रडू आवरेना.