नागेशचा सत्कार

अप्पांवरचा माझा राग आजही गेलेला नाही, आणि तो जावा असं मला वाटतही नाही. यातली बाकी सगळी नावं मी बदलली आहेत. अप्पांचं तेवढं खरं ठेवलं आहे, तेही माझ्या भावाला विचारूनच.

अप्पा म्हणजे माझे वडील सदाशिवराव, हुबळीच्या दुर्गदबैल बाजारातले कापडवाले. चेतन माझा धाकटा भाऊ. तो भर दुपारी पिऊन गल्ल्यावर डुलायला लागला, तेव्हा अप्पांनी त्याला देवापुढं शपथ घ्यायला लावली. आईनं कुठल्याशा बाबाची पूड चहातून दिली. शपथ मोडली, पूड पचली, दारू तेवढी राहिली. बाहेर मात्र ‘चेतनला पित्ताचा त्रास आहे’ असंच सांगायचं. अख्ख्या बाजाराला वास येत होता, पण आमच्या घराचं नाक बंद!

शेवटी मीच शोधायला लागले. माझं सासर धारवाडात. सुभाष रोडवरच्या औषधाच्या दुकानात एक कन्नड कागद चिकटवलेला दिसला: दारू सोडायची असेल तर या नंबरावर बोला. एसटीडी बूथवरून फोन लावला. पलीकडच्या माणसानं नाव-गाव काही विचारलं नाही. रविवारी संध्याकाळी हुबळीत, चर्चमागच्या शाळेच्या वर्गात मीटिंग असते, घेऊन या, मी दारातच थांबतो, म्हणाला.

तो नागेश. अळणावरला लाकडाच्या वखारीत कामाला होता, दर रविवारी रेल्वेनं हुबळीला यायचा. मी चेतनला दंडाला धरून नेलं आणि तो पळू नये म्हणून पायरीवर बसून राहिले. आत एकेक जण उठून आपलं नाव सांगायचा आणि ‘मी दारुडा आहे’ म्हणायचा, कुणी कन्नडात, कुणी मराठीत. आडनाव नाही, गाव नाही. इथलं बोलणं इथंच ठेवायचं, हा नियम. सुरुवातीला चेतन नुसताच बसायचा. मग एका रविवारी आतून त्याचा आवाज आला आणि मी पदरात तोंड खुपसून रडले. पुढं दारू सुटली. कधी फारच तलफ आली की तो वखारीत फोन लावायचा, आणि नागेश हातातलं काम टाकून त्याच्याशी बोलत राहायचा.

चेतननं आनंदाच्या भरात हे आईला सांगितलं, आईनं अप्पांना. झालं!

दुकानात दरवर्षी सत्यनारायण असतो. त्या वर्षी अप्पांनी नागेशला खास बोलावणं धाडलं. तो बिचारा प्रसादाला म्हणून इस्त्रीचा शर्ट घालून आला. आरती झाली आणि अप्पांनी माइक घेतला. आमच्याकडं कुणी उपकार केला की चारचौघांत शाल-नारळ ठरलेला. उपकार झाकून ठेवला तर पाप लागतं म्हणे.

“हे अळणावरचे नागेश! स्वतः दारूत बुडालेले, त्यातनं वर आले, आणि एका चांगल्या घरच्या पोराला वाचवले!”

चांगल्या घरचा पोरगा. स्वतःच्या मुलाचं नाव गिळलं आणि परक्याला भर बाजारात उघडं पाडलं. टाळ्या पडल्या. नागेशच्या अंगावर शाल आली तेव्हा त्याचा चेहरा पांढराफटक झाला होता. समोर पुंडलिक बसला होता, आमचं अळणावरचं जुनं गिऱ्हाईक. त्याच्या मुलाशी नागेशच्या मुलीचं, रूपाचं, लग्न ठरलं होतं. पुंडलिक प्रसाद न घेताच उठून गेला.

लग्न मोडलं. नागेश मीटिंगला यायचा बंद झाला. मग बाकीचेही गळाले. उद्या आपल्याही अंगावर शाल पडायची, ही धास्ती. चेतन एकटाच रिकाम्या वर्गात बसून यायचा, आणि येताना त्याची नजर दारूच्या दुकानाकडं वळायची. मला ते दिसत होतं.

मी अप्पांना गाठलं. “काय करून बसलाय हे, अप्पा?”

“सत्कार केलो की गं. शिव्या दिलो काय?”

“मग चेतनचं नाव का घेतला नाही?”

“घराची अब्रू आहे की.”

“आणि त्याची अब्रू? ती काय चिंधी होती?”

अप्पा म्हणाले, आणखी एक चांगली शाल घेऊन माफी मागायला जाऊया. मी कोपरापासून हात जोडले.

त्या रविवारी चेतन आणि मी दोघंच अळणावरला गेलो. दारात नागेशची बायको सीता उभी होती.

“आता आणि कुणाला सांगायचं राहिलंय?”

आतून वास आला. नागेश भिंतीकडं तोंड करून पडला होता, उशाशी बाटली. चेतन सीताच्या बाजूनं आत शिरला आणि जमिनीवर बसला. बाटली त्याच्या हाताशी होती. माझा जीव टांगणीला लागला.

“माझं नाव चेतन. मी दारुडा आहे.”

“जा की रे,” नागेश भिंतीलाच म्हणाला.

“रविवार आहे, अण्णा. मीटिंगला दोघं तरी लागतात. हुबळीत मी एकटाच असतो.”

मग नागेश उठून बसला. त्यानं तोंडावरून हात फिरवला. जीभ अडखळत होती.

“नागेश. मी बी दारुडा.”

सीतानं आत जाऊन बाटली उचलली आणि मोरीत ओतली. मग बाहेर आली, दार ओढून घेतलं, आणि माझ्याकडं न बघता म्हणाली, “अक्का, पाया पडते. हे तुमच्या अप्पांना सांगू नका.”