कोपऱ्यावरची खोली

रस्ता ज्या घराला खेटून वळत होता, त्या घरातली शिंपीण वळणावरच्या खांबाचा फुगीर आरसा रोज सकाळी पुसत असे. आधी धूळ, मग धुराची काजळी, मग पाखरांनी मारलेले पांढरे शेरे. आरसा लख्ख झाला की अख्खा रस्ता वाकून, लहान होऊन त्यात उभा राही, आणि तिला वाटे, आजच्या दिवसापुरते आपण कोणाला तरी वाचवले.

तिची मुलगी याच वळणावर गेली होती. सायकल घेऊन दाराबाहेर पडली आणि घराच्याच भिंतीआडून गाडी आली. ती भिंत मुलीच्याच खोलीची. पुढे रस्ते खात्याचा इंजिनियर आला. त्या भिंतीवर हात ठेवून म्हणाला, "बाई, हा कोपरा उतरवू द्या. पलीकडचं दिसत नाही, हेच मूळ आहे."

"खोली पाडून तिला दुसऱ्यांदा घालवू?" तिने विचारले.

कोपरा राहिला, आरसा आला.

अपघात मात्र थांबले नाहीत. तिचा धाकटा दीर क्रेनवर होता. मोडक्या गाड्या उचलून नेणे हे त्याचे काम. वळणावर आला की तो वहिनीकडे चहाला डोकावे.

"वहिनी, तुमच्या आरशापायी माझं जेवण रोज गार होतं."

"मग काय, शेण फासून ठेवू त्याला? आंधळ्या वळणाचा एवढा एकच डोळा आहे, भावजी."

"तिथंच घोडं पेंड खातंय. आंधळं होतं तेव्हा लोक भीत होते. हॉर्न वाजवायचे, ब्रेकवर पाय ठेवायचे. आता आरशात एक नजर टाकतात आणि दामटतात."

"अक्कल चहाबरोबर फुकट वाटता वाटतं?"

"दुसरं आहे काय माझ्याकडे?" तो हसला. पण जाताना त्याने आरशाकडे पाहिले, तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर हसू नव्हते.

त्यानंतरच्या एका दुपारी ती मशीनवर बाही जोडत होती. रस्त्यावर चाके किंचाळली; मग तो आवाज आला, जो ऐकल्यावर काही क्षण जगात दुसरा आवाजच उरत नाही. मालवाहू टेम्पो आडवा झाला होता. त्याच्या पुढच्या चाकापाशी मोटारसायकल होती आणि मोटारसायकलपासून दूर, चुकून पडल्यासारखा, एक माणूस. रुग्णवाहिकेने त्याला चेहऱ्यावरून चादर ओढूनच नेले.

टेम्पोवाला तिच्या पायरीवर बसला होता. तिने दिलेले पाणी त्याने तसेच बाजूला ठेवले.

"मला दिसला होता हो तो. आरशात दिसला होता. वाटलं, लांब आहे, निघून जाऊ." मग अंगठा आणि बोट जवळ आणून तो पुन्हा पुन्हा सांगत राहिला, "एवढासा दिसला. एवढासा."

दीर क्रेन घेऊन आला आणि कोपऱ्यापलीकडे साखळी सोडू लागला. शिंपीण खांबाखाली जाऊन उभी राहिली. इतकी वर्षे तिने आरशावरचे डाग पाहिले होते. गाडीवानाच्या नजरेने आरशात एकदाही पाहिले नव्हते. आत क्रेन खेळण्याएवढी होती, रस्त्याच्या पार टोकाला, आणि तिच्याशेजारी तिळाएवढा माणूस.

"भावजी, कुठे आहात?"

"इथेच की!" भिंतीआडून आवाज इतक्या जवळून आला की ती दचकली. "हात लांब केलात तर लागेन."

तिने हात लांब केला नाही. आरसा पुसायची चिंधी खांबाला बांधलेली होती, ती तिने सोडून घेतली.

"इंजिनियरला बोलवा," ती म्हणाली. "कोपरा उतरवायचाय."

मुलीचा पलंग मशीनशेजारी आला. कपाट दाराआड गेले. घणाच्या पहिल्या घावाला ती आत थांबली नाही, बाहेर येऊन उभी राहिली. भिंतीतून आधी आकाश दिसले, मग रस्ता. आरसाही उतरवला गेला.

सगळे मोकळे झाल्यावर दिराने दोन्ही बाजूंना पाहिले आणि डोके खाजवले. "दिसायला लागलं हे खरं. पण वहिनी, मोकळा रस्ता दिसला की माणूस पिसाळतो. आता तर आणखी पळवतील."

ट्रॅक्टर राडारोडा न्यायला उभा होता. तिने त्या ढिगाकडे पाहिले. विटांना अजून मुलीच्या खोलीचा फिका निळा रंग होता.

"हे नेऊ नका," ती इंजिनियरला म्हणाली. "इथेच रस्त्यात आडवं घाला. वरून डांबर टाका."

इंजिनियर काहीतरी सांगणार होता, पण दिराने त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

आता वळणाच्या दोन्ही अंगांना गतिरोधक आहेत. गाड्या येतात, वेग सोडतात, सावकाश वर चढून पलीकडे उतरतात. मशीनवर बसलेल्या शिंपिणीला ते प्रत्येक चढणे-उतरणे जमिनीतून कळते. तेवढा वेळ तिचे पाऊल पायट्यावर थांबते. गाडी धडपणे उतरून गेली, की ती पुढचा टाका घालते.