मखमली खुर्चीशेजारचे आठ दिवस

मी एक जुने घडीचे स्टूल आहे, आणि मित्रांनो, आधीच सांगून टाकलेले बरे: माझा स्वभाव जळका आहे.

सुताराने उरलेल्या फळीतून माझे पाय कापले. वरचे जाड निळे कापड घाईताईंनी शिवले, तेही दुहेरी शिलाईने. त्या शिवणकाम करतात आणि चालतातही मशीनच्याच वेगाने, म्हणून हे नाव. त्यांची बालमैत्रीण रुग्णालयात परिचारिका होती. तिला सगळे अजून सिस्टरच म्हणतात. आयुष्यभर वॉर्डात उभे राहून सिस्टरांचे गुडघे कामातून गेले. घाईताईंनी मला त्यांच्या हातात दिले आणि म्हणाल्या, "आता सुट्टीत घरी बसायची सबब सांगू नकोस."

तेव्हापासून दर सुट्टीत आम्ही तिघे जुने महाल आणि किल्ले पाहत हिंडलो. जिन्याच्या प्रत्येक वळणावर सिस्टर मला उघडत आणि "काय सोय आहे बाई!" म्हणत टेकत. एका बुरुजाच्या एकशे ऐंशी पायऱ्या त्या केवळ माझ्या जिवावर चढल्या. पण वर गेल्यावर कौतुक कोणाचे? तिथल्या बिनकामाच्या खुर्च्यांचे!

गेल्या सुट्टीत एका महालाच्या दिवाणखान्यात तर कहरच झाला. लाल मखमलीची, सोनेरी हातांची एक खुर्ची होती. पुढे दोरी आणि 'बसू नये' अशी पाटी. सिस्टर माझ्यावर टेकल्या होत्या आणि घाईताई दोरीवरून वाकल्या. "अगं, ही शिलाई बघ! असं काम माझ्या हातून जन्मात झालं नाही."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. जिने मला शिवले, तिनेच माझ्यादेखत असे बोलावे!

तेवढ्यात घाईताईंनी घड्याळ पाहिले. "ऊठ, बस सुटेल!" सिस्टरांना वाटले, मला घाईताईंनी उचलले. घाईताईंना वाटले, सिस्टरांनी. मी तिथेच राहिले.

संध्याकाळी रखवालदार आला. नोकरीत नवा होता. "हे बाहेर कसं राहिलं?" असे पुटपुटत त्याने मला खुर्चीशेजारी सरकवले आणि दोरी पुन्हा लावली.

दुसऱ्या दिवशी माझे फोटो निघाले. एका वडिलांनी लेकीला ठासून सांगितले, "राजेसाहेब शिकारीला जाताना यावरच बसायचे." मी फुगून गेले. खुर्चीकडे तर ढुंकूनही पाहिले नाही.

तिसऱ्या दिवशी एक आजोबा धापा टाकत भिंतीला टेकले. मी चार पावलांवर होते. त्यांनी माझ्याकडे पाहिले, पाटी वाचली आणि तसेच उभे राहिले. इतकी लाज मला कधी वाटली नव्हती. मग सिस्टर आठवल्या. त्या कशावर टेकत असतील? नवे स्टूल घेतले असेल का? त्या न पाहिलेल्या स्टुलाचा मला खुर्चीहूनही जास्त मत्सर वाटला.

आठव्या दिवशी ओळखीची घाईची पावले आली. मागून लंगडती पावले.

"अगं, हे बघ कुठे येऊन बसलंय!" घाईताई हसत सुटल्या. "राजघराण्यातलं झालं की! राहू दे इथेच. मी तुला मखमलीचं शिवून देते."



"तुझी मखमल तुलाच लखलाभ," सिस्टर म्हणाल्या. त्यांनी दोरी बाजूला केली आणि सरळ माझ्यावर बसल्या.

रखवालदार धावला. "अहो बाई, ऐतिहासिक वस्तू आहे ती!"

"असेल. पण बसणारीही काही कमी जुनी नाही."

त्याला पटेना. तेव्हा घाईताईंनी सिस्टरांना उठवले आणि मला उलटे करून आतली दुहेरी शिलाई दाखवली. "दादा, हे माझ्या हातचं काम आहे," त्या ताठ मानेने म्हणाल्या. हे वाक्य ऐकायला मी किती वर्षे थांबले होते!

निघताना मी खुर्चीकडे पाहिले. तिच्या गादीवर एक सुरकुतीही नव्हती. माझे कापड मात्र मधोमध खोल गेले आहे, बरोबर सिस्टरांच्या मापाचे.

मित्रांनो, आम्हाला जरूर पुसा, उसवले तर टाका घाला, पण जपण्याच्या नावाखाली दोरीमागे ठेवू नका. घाईताई आता स्वतःसाठी मखमलीचे स्टूल शिवत आहेत. पुढच्या सुट्टीत तेही आमच्याबरोबर येणार आहे. येऊ दे. पण सिस्टर त्यावर एकदा जरी टेकल्या, तरी त्याची माझ्याशी गाठ आहे.