पडवीतली बंदूक

आमच्या गावात बंदूक घरात आणत नाहीत. प्रत्येक घराला बाहेरून एक थंड पडवी असते. तिथे पार्का म्हणजे फरचे जाड कोट, बूट, गोठलेले मासे आणि सीलची चरबी यांच्याच रांगेत बंदूक खुंटीला लावायची, आणि मग आतलं दार उघडायचं. उणे तीसच्या थंडीतून बंदूक एकदम शेगडीजवळ आली की तिला घाम फुटतो. बोट पोचत नाही अशा आतल्या सांदीकोपऱ्यातही बारीक पाणी धरतं. ती पुन्हा बाहेर गेली की त्या पाण्याचा बर्फ होतो, आणि मग ऐन वेळी चाप ओढा नाहीतर डोकं आपटा, आतलं काही हलत नाही. आमच्याकडे हे चालायला लागलेल्या पोरालासुद्धा ठाऊक असतं. त्यामुळे एखाद्याची बंदूक कायमची घरात दिसली, तर त्या माणसाने शिकार सोडली असं समजायचं.

माझे दाजी विल्फर्ड, त्यांची बंदूक अकरा वर्षं घरात आहे. सोफ्याच्या वर, येशूच्या चित्राशेजारी. ताई दर शनिवारी दोघांवरची धूळ एकाच फडक्याने पुसते.

या नोव्हेंबरात त्या बंदुकीचा विषय पुन्हा निघाला. हल्ली समुद्र गोठायला उशीर करतो. अस्वलं बर्फावर जायचं सोडून किनाऱ्यावर ताटकळतात आणि गावाबाहेर व्हेलच्या हाडांचा ढीग आहे तिथे चघळायला येतात. त्या ढिगापासून शाळा हाकेच्या अंतरावर. म्हणून गावात अस्वल-पहारा बसवला आहे, आणि त्याची म्होरकी आहे माझी भाची मायरा, दाजींचीच मुलगी. चोवीस वर्षांची पोरगी, अंगाने काडी, पण आवाज असा की अस्वल अर्ध्या वाटेतून परत जावं. तर या पहाऱ्यासाठी नव्या बंदुका घ्यायच्या होत्या. सगळ्या एकाच जातीच्या, म्हणजे एकाच्या गोळ्या दुसऱ्याला चालतील. पंचायतीच्या प्रमुख ऱ्होडाबाईंनी सभा बोलावली आणि पहिल्याच वाक्यात माझ्याकडे बोट केलं.

"एनॉक सांगेल. बंदुकीतलं त्याच्याएवढं कुणाला कळतंय?"

निवड दोन जातींत होती. दोन्हींमध्ये एकदा चाप ओढला की एक गोळी जाते आणि पुढची आपोआप चढते. पहिली लाकडी दस्त्याची, माझ्याकडे आहे तशी. जड, ढिली, हलवली तर खुळखुळ्यासारखी वाजते. आतल्या भागांमध्ये एवढी फट असते की वाळू, बर्फ, माशाचे खवले, काहीही गेलं तरी ती खोकते आणि चालू राहते. जाड हातमोजे घालूनही तिचं सगळं करता येतं. पण शंभर पावलांपलीकडे तिचा नेम म्हणजे तिची मर्जी. दुसरी काळी, दाजींच्या भिंतीवर आहे तशी. हलकी, घट्ट बसवलेली, तीनशे पावलांवरही सांगाल तिथे मारते. पण नखरेल. तेल जास्त झालं तर रुसते, कमी झालं तर रुसते, आणि तिच्या बारीक कळा हातमोज्यांनी सापडत नाहीत. त्यात महाग. पंचायतीकडे होते त्या पैशांत लाकडी चार आल्या असत्या, काळ्या तीनच.

"लाकडी घ्या," मी म्हणालो. "काळीचं काय झालं ते गावाला माहीत आहे."

सगळ्यांनी मान डोलावली. दाजी मागच्या बाकावर बसले होते. त्यांनीही डोलावली, आणि डावा हात खिशात घातला. त्या हाताला दोनच बोटं आहेत.

गावाला जे माहीत होतं ते असं. अकरा वर्षांपूर्वी, अशाच दिवसांत, दाजी आणि मी हाडांच्या ढिगापलीकडे माशांची जाळी बघायला गेलो होतो. बर्फाच्या उंचवट्यामागून अस्वल आलं, दाजींच्या अगदी समोर. दाजींनी नवीकोरी काळी खांद्याला लावली आणि चाप ओढला. टक्. गोळी चढवणारा बोल्ट मागे ओढायला गेले, तो जागचा हलेना. मग अस्वलाने त्यांना पंजाखाली घेतलं. मी लाकडीने तीन गोळ्या घातल्या आणि ते पडलं. दाजी जगले, तीन बोटं आणि खांद्याची ताकद मात्र गेली. त्यानंतर ते बर्फावर गेले नाहीत. वीजघरात इंजिनावर बसतात, ऊबेत. आणि दर वर्षी व्हेलची शिकार झाली की ताईच्या हातून मला मक्ताकचा, म्हणजे व्हेलच्या कातडी-चरबीचा, पहिला आणि उत्तम तुकडा येतो. निरोप ठरलेला. जीव वाचवणाऱ्याला.

मी तो अकरा वर्षं खाल्ला.

गावाला जे माहीत नव्हतं ते माझ्या एकट्याकडे होतं. अस्वल आलं त्याच्या आदल्या दुपारी दाजी माझ्या घरी आले होते, थकून माझ्या पलंगावर झोपले. काळी माझ्या पडवीत टांगलेली. ती आली त्या दिवसापासून मी तिला खेळणं म्हणत होतो, चारचौघांत टिंगल करत होतो. खरं म्हणजे मला ती हवी होती. इतकी हवी होती की दाजींनी "धरून बघ" म्हटलं की मी मुद्दाम तोंड फिरवायचो. त्या दुपारी घोरण्याचा आवाज आला आणि मी तिला आत आणली. शेगडीजवळ मांडीवर घेऊन बसलो. खांद्याला लावून पाहिली, खिडकीतून कावळ्यावर नेम धरला. दोन कप चहा झाला. मग ती वरवर पुसली आणि परत पडवीत टांगली. आतलं पाणी पुसायचं तर उघडावी लागली असती, आणि उघडायची कशी ते मला येत नव्हतं. विचारायला मी थोडाच जाणार होतो? सकाळपर्यंत सुकेल, असं मनाला सांगितलं. ते खोटं आहे हे मनालाही कळत होतं.

दाजी दवाखान्यात होते तेव्हाच बोलायला हवं होतं. पण तोवर गाव मला मिठ्या मारत होतं. मग बोलणं राहून गेलं, आणि नंतर त्याच्यावर एवढी वर्षं साचली की हात घालवेना. लोक दोन बंदुकांची तुलना करायला माझ्याकडे यायचे, आणि मी तासन् तास काळीचे दोष सांगायचो. जितकं सांगायचो तितकं ते मलाच खरं वाटायचं.

सभेत मायरा उठली. "मामा, ऐकीव गोष्टीवर बंदूक घ्यायची नाही. परीक्षा घेऊ. तुझी लाकडी आणि बाबांची काळी."

"ती भिंतीवरची? तिला आता खिळा समजतात घरात," मी म्हणालो. लोक हसले.

"मग हरेल. तुला कसली भीती?"

भीती कसली ते तिला कसं सांगणार?

परीक्षा आमच्या पद्धतीने झाली. दोन्ही बंदुका कोरड्या करून दोन रात्री उघड्या शेडमध्ये ठेवल्या. मग बर्फगाडीने ओढायच्या स्लेजच्या खोक्यात, कुऱ्हाड आणि डब्यांबरोबर टाकल्या आणि मायराने त्या समुद्रावरच्या खडबडीत बर्फातून तासभर आदळत आणल्या. आमच्याकडे बंदुकीचं खरं आयुष्य त्या खोक्यात जातं. वरून फावडंभर बर्फ टाकला. दुपारी, उजेड होता तेवढ्यात, तेलाच्या रिकाम्या पिंपांवर दहा-दहा गोळ्या.

लाकडीने दहाच्या दहा झाडल्या. पिंपाला लागल्या चार. खोक्यात आदळून तिचा नेम डावीकडे सरकला होता.

"अस्वलाला सांगू, जरा डावीकडे उभा राहा," कुणीतरी ओरडलं.

मग मायराने काळी उचलली. देवा, एकदा तरी अडकू दे, असं मी मनात म्हणालो. स्वतःच्या भाचीच्या हातातली बंदूक अडकावी म्हणून मी प्रार्थना करत होतो, तेव्हा मला माझी किळस आली. पहिली गोळी गेली. दुसरी गेली. दहाही गेल्या, नऊ पिंपात.

कुणी हसलं नाही. ऱ्होडाबाई हळूच दाजींकडे वळल्या. "मग विल्फर्ड, तेव्हा काय झालं होतं रे? बंदूक तर चांगली आहे."

"तेल पाजलं असेल ढीगभर," मागून आवाज आला. "नवीन नवरीसारखी जपत होता तिला."

दाजी बर्फाकडे बघत म्हणाले, "असेल. मीच काहीतरी चुकलो असेन. रोज आठवून बघतो. सगळं बरोबर केलं होतं असंच आठवतं. पण माणसाला स्वतःची चूक आठवत नाही ना."

रोज. अकरा वर्षं रोज. मला वाटत होतं, मी दाजींच्या बंदुकीचं नाव घालवलं. मी त्यांचाच त्यांच्यावरचा भरवसा घालवला होता. म्हणून ते बर्फावर जात नव्हते. अस्वलाला ते कधी घाबरलेच नव्हते.

मायरा बापाकडे बघत होती. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते पापण्यांवरच गोठत होतं.

"दाजी," मी म्हणालो, "तुमची बंदूक मी घरात नेली होती."

आमच्या गावात या वाक्याचा अर्थ कुणाला समजावून सांगावा लागत नाही. ऱ्होडाबाईंनी तोंडावर हात ठेवला. मायराने बंदूक खाली केली.

"आदल्या दुपारी. तुम्ही झोपला होता. मला ती बघायची होती. मग परत टांगली, आणि तुम्हाला बोललो नाही. सकाळीही नाही, नंतरही नाही."

दाजींनी खिशातून डावा हात काढला, त्याच्याकडे पाहिलं.

"किती वेळ होती आत?"

"दोन कप चहा होईपर्यंत."

"दोन कप," ते म्हणाले. नंतर मायराकडून बंदूक घेतली आणि घराकडे चालू लागले. मायरा त्यांच्यामागे गेली. जाताना तिने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

पंचायतीने काळ्या घ्यायचं ठरवलं, तीन. "शाळेच्या मागे घरं आहेत," ऱ्होडाबाई म्हणाल्या, "गोळी पाठवू तिथेच गेली पाहिजे. चार डावीकडे मारणाऱ्यांपेक्षा तीन बऱ्या." मला कुणी विचारलं नाही, आणि ते योग्यच झालं. चार दिवस माझ्या दारात कुणी आलं नाही. ताईचा रविवारचा सूपचा डबाही आला नाही. दुकानात लोक माझ्याशी हवामानाबद्दल बोलायचे, म्हणजे न बोलण्यासारखंच.

पाचव्या दिवशी मला राहवेना. शिव्या खायच्या तर समोर जाऊन खाव्यात, म्हणून दाजींच्या घरी गेलो. बाहेरचं दार ढकलून पडवीत शिरलो. अंधुक उजेड होता. पार्का, बूट, गोठलेले मासे. आणि त्यांच्या रांगेत, पहिल्या खुंटीवर, काळी. नळीवर बारीक पांढरं दव गोठलेलं. पट्टा नवा होता, एका हाताने काढता येईल असा ताईने शिवलेला.

नकळत माझा हात पुढे गेला असावा.

आतलं दार उघडलं. दाजी.

"हात लावू नकोस. पुन्हा आत नेशील."

मी हात मागे घेतला. रडू येत होतं, आणि ते मी लपवलं नाही.

"दाजी, मी..."

"गप. त्याचं मी अजून ठरवलेलं नाही. मरेपर्यंत ठरवणारही नाही कदाचित." ते दाराला टेकले. "उद्या उजेड झाला की मी जाळी बघायला जातोय. मायराला काम आहे. एकट्याने जाऊ नये म्हणतात."

"मी येतो."

"ये. तुझा खुळखुळा घेऊन ये. आणि पुढे चालायचं, मला दिसशील असं."

त्यांनी दार लावून घेतलं. आतून ताईचा आवाज आला, कोण आहे म्हणून, आणि दाजी म्हणाले, कुणी नाही, एनॉक आहे.

सकाळी उजेड फुटताच मी त्यांच्या दारात उभा होतो. दाजी काळी खांद्याला अडकवून बाहेर आले, बोल्ट दोनदा मागेपुढे ओढून पाहिला आणि मानेनेच मला पुढे व्हायला सांगितलं. हाडांच्या ढिगापर्यंत मी पुढे चाललो, आणि सबंध वाट मागून त्यांची पावलं ऐकत राहिलो.