धुरपदाकाकूचा तांब्या

ऐका रे! कुणाचं भाषण लांबलं की तुमी "ओतला तांब्या!" म्हणून खिदळता ना? तो तांब्या आमच्या काकूचा! आमच्या अणदूरच्या घरातला! हसू नको शामला, आधी ऐक तरी.

निजाम जाऊन पाच-सहा वर्सं झालेली, मी तवा चौथीत. खंडोबाच्या यात्रेला तमाशा आला. फडाला रोज एका घरानं जेवू घालायचं, असा गावचा रिवाज. आमची पाळी आली. तात्या, म्हणजे आमचे काका, सांगून गेले, "सात माणसं येतील." धुरपदाकाकूनं पुरण घातलं, कटाची आमटी केली. तिच्या आमटीचं लई नाव. कुणाचंबी लग्न असू दे, आमटीला काकूच. अन् दारात आले एकोणीस! ढोलकीवाला, तुणतुणेवाला, गाडीवाले, समदे! काकू काय करणार? उकळत्या पाण्याचा तांब्या उचलला, ओतला आमटीत. मग आणखी एक. दारात उभ्या मल्लिनाथ सोंगाड्यानं ते बघितलं.

दुपारच्या खेळात राजाचं काम करणारा येईचना. मल्लिनाथ वेळ काढत होता. म्हणतो कसा, "मंडळी, वगातला रस संपत आलाय, पण भ्यायचं न्हाय. धुरपदाकाकू ओततील तांब्या!" मैदान नुसतं हसून लोळलं.

तमाशाला बाया कुठं जातात? काकूला कळलं ते तात्या हसत घरी आले तवा.

"तुमीबी हसलात?"

"न्हाय गं, थोडंसंच."

काकूच्या डोळ्यांत पाणीच आलं. "आता कोण बोलावतंय मला लग्नात?"

अन् दुसऱ्या दिवशी, आईशप्पथ, भर खेळात काकू मैदानात! डोक्यावर पदर, मागं मी. ढोलकी थांबली. गडीमाणसं उठून वाट द्यायला लागली. तात्या तर कुणाच्या तरी फेट्याआड लपले.

"मल्लिनाथ, पाणी घातलं ते सांगितलंस. सात सांगून एकोणीस आलात, ते सांगितलंस का? तू चारदा वाटी पुढं केलीस, ते?"

मल्लिनाथ खाली उतरला, पाया पडला. "चुकलो काकू. चारदा न्हाय, पाचदा. पातळ होती, पण तशी आमटी कुठं प्यालो न्हाय."

मग जो हशा झाला! पण आता काकूच्या बाजूनं. आमच्या गल्लीतले हणमंतप्पा तिथंच उठले, "वहिनी, माझ्या पोरीच्या लग्नात आमटी तुमीच करायची."

काकूनं पदर सारखा केला. "करते की. पण किती माणसं, ते सवता घरी येऊन सांगा. ह्यांच्या हाती निरोप नको."